पाचव्या टाकीचा आकडा

"इथे 'कामगाराचा हलगर्जीपणा' लिहा आणि सही करा, मॅडम," मॅनेजर चिंतामणी साहेबांनी अपघाताचा अहवाल पुढे सरकवला.

कालिंदीने पेन उचललं नाही. महाडजवळच्या त्या रसायनाच्या कारखान्यात ती एकटीच प्रोग्रॅमर. दहा टाक्यांवरचे तापमापक तिच्या सर्व्हरला जोडून आकडे कळवत. ते घ्यायला तिने चार थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे एकाच वेळी राबणारे चार हात, ठेवले होते. एकेक थ्रेड एकेक जोडणी हातात घेई, आकडा मिळाला की सोडून पुढची घेई. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मंगळवारी दुपारी वीज क्षणभर जाऊन आली आणि चार मापक अर्धवट बोलून गप्प झाले. जोडण्या तुटल्या नव्हत्या, म्हणून चारही थ्रेड उत्तराची वाट बघत बसले. पाचवी टाकी तापत होती. तिचा मापक रांगेतच राहिला. पडद्यावर मात्र जुनाच आकडा होता, बेचाळीस अंश. त्यावर विसंबून ऑपरेटरने कापडे गावच्या जानू या कामगाराला तिचा व्हॉल्व्ह उघडायला पाठवलं. वाफेने त्याचे दोन्ही हात भाजले.

"किती वेळ वाट बघायची, हे मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं," कालिंदी म्हणाली. "दोन ओळींचं काम होतं."

"हे कोणाला कळणार आहे? उगाच नोकरी घालवाल."

"आणि जानूची?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. तिने 'चूक माझ्या प्रोग्रॅमची' असं लिहून सही केली. मग जागेवर जाऊन त्या दोन ओळी घातल्या आणि एका मापकाची केबल उपसून पाहिली. पाच सेकंदांत थ्रेडने ती जोडणी सोडली, पुढची घेतली. तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. ती तशीच दवाखान्यात गेली. जानूची बायको ठकूबाई त्याला पेज भरवत होती. कालिंदीने सगळं सांगितलं.

जानूने बँडेजकडे पाहिलं. "मला वाटला, माझाच कायतरी चुकला."

"नाही, जानूभाऊ. तुमचं काहीच चुकलं नाही."

ठकूबाई एकदम उठली. "पानी घेऊन येतंय," म्हणत, पदर तोंडाला लावून ती बाहेर गेली. पेजेची वाटी स्टुलावरच राहिली.

कालिंदीने ती उचलली आणि चमचा पुढे धरला. जानूने मान वळवली. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघताच, त्याने तोंड उघडलं.