कवेलू फेरले का?

आपल्या पॉलिसीत काय काय आहे, हे तांडापेठेतल्या नत्थूजी पौनीकराला तोंडपाठ होतं. आग, वीज, वादळ, पूर, दंगा. कागद इंग्रजीत होता आणि नत्थूजीची शाळा दुसरीतच सुटली होती; पण एजंट ताराचंदनं एकदा वाचून अर्थ सांगितला, तो त्यानं आरतीसारखा पाठ करून टाकला. हातमागावर बापजाद्यांच्या हयाती गेल्या, मागाचा विमा कोणी काढला नव्हता. नत्थूजीनं बँकेच्या कर्जावर चार पॉवरलूम घेतले तेव्हा बँकेनंच अट घातली, म्हणून ही पॉलिसी घरात आली. नत्थूजीला तिचा केवढा अभिमान! लग्नातल्या शेल्याखाली, पत्र्याच्या पेटीत ती ठेवलेली असे, आणि चहाला आलेल्या प्रत्येकाला तो ऐकवी, "आता आभाळ फाटलं तरी आपल्याले भेव नाही गा."

शेवटची एक ओळ मात्र ताराचंद भरभर वाचून गेला होता. जागा नीट राखायची, वेळच्या वेळी दुरुस्ती करायची, ही जबाबदारी मालकाची. ती ऐकून नत्थूजी हसला होता.

"घर नीट ठेवा, हे का कागदानं सांगा लागते?"

त्याला हसायचा हक्क होता. कारखाना म्हणजे त्याच्या घराचाच पुढचा अर्धा भाग. पुढे लूम, मागे संसार, मध्ये एक भिंत आणि वर सलग एकच कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. दर उन्हाळ्यात लहानू शिडी घेऊन यायचा आणि कवेलू फेरून जायचा. वर माकडं उड्या मारतात, वावटळीनं कवेलू सरकतात. म्हणून पावसाआधी सगळे उतरवायचे, फुटके फेकायचे, खालच्या बल्ल्या-कमच्या, म्हणजे वासे आणि बांबूच्या पट्ट्या, ठोकून घ्यायच्या आणि पुन्हा रचायचे. एक साल चुकलं की पाणी लाकडात मुरतं, आणि मुरलेलं पाणी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. उभ्या जन्मात नत्थूजीनं हे काम चुकवलं नव्हतं.

त्या सालीही लहानू आला. पण शिडी भिंतीला टेकायच्या आत नत्थूजीची बायको रुख्माबाई दारात आडवी उभी राहिली.

"या साली नाही फेरायचे. सुनेले दिवस आहेत."

लहानूनं मुकाट्यानं शिडी खांद्यावर घेतली. त्याला अधिक सांगायची गरज नव्हती. दोन जिवांची बाई घरात असली की घराला हात लावत नाहीत. खणायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, छप्पर तर उघडायचंच नाही. ही रीत रुख्माबाईनं काढलेली नव्हती. पण तिनं ती इतकी घट्ट धरावी, याला कारण होतं. मागच्या खेपेला सून देवकीला तिसरा महिना होता, आणि नवे लूम बसवायचे म्हणून नत्थूजीनं पुढची जमीन खणली, घण घालून बोल्ट ठोकले. आठवडा गेला नाही तो देवकीची कूस रिकामी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे. रुख्माबाईनं मान डोलावली, घरी आली आणि त्या बोल्टांकडे पाहत किती तरी वेळ उभी राहिली. नत्थूजीला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर नत्थूजीचा या गोष्टींवर अर्धाच विश्वास होता. आणि अर्धा विश्वास फार वाईट. पुरा विश्वास असलेला माणूस निवांत झोपतो, मुळीच नसलेलाही झोपतो. अर्धा असलेला छताकडे पाहत पडून राहतो.

छताकडे पाहण्यासारखं तिथं होतंही. आषाढात दुसऱ्या लूमच्या वर, अगदी आढ्यापाशी, पाणी ठिबकू लागलं. नत्थूजीनं सुताचे गठ्ठे सरकवले आणि खाली घमेलं ठेवलं. त्याचा मुलगा मुकुंद, देवकीचा नवरा, मॅट्रिक झालेला आणि तापट. तो म्हणाला, "बाबा, एक कवेलू सरकला आहे फक्त. मी चढतो अन् हात घालून बसवून देतो. कोणाले मालूम पडते?"

"घराले मालूम पडते," आतून रुख्माबाई म्हणाली.

मुकुंदनं बापाकडे पाहिलं. बापानं घमेल्याकडे पाहिलं.

"एक सालचीच त गोष्ट आहे गा," नत्थूजी म्हणाला. "राहू दे घमेलं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी लूम बंद. सगळी पेठ इतवारीकडे लोटली, नत्थूजी आणि मुकुंदही गेले. पिवळी मारबत आली, काळी आली, "घेऊन जा गे मारबत" म्हणून पोरं घसा फोडून ओरडत होती. रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा. नत्थूजीही गर्दीत ओरडला. त्याच्या मनात देवकीचा सातवा महिना होता. दुपार कलली आणि असा वारा सुटला की दुकानांचे फलक उडाले. मागोमाग पाऊस आला. बापलेक भिजत घरी पोचले तर गल्लीत माणसं जमलेली.

आढं मधोमध मोडलं होतं. पुढचं छप्पर सगळं आत बसलं होतं आणि जाताना दर्शनी भिंत लुमांवर घेऊन गेलं होतं. मागचा अर्धा भाग उभा होता.

"देवकी!" नत्थूजी ओरडला. पहिली हाक त्यानं लुमांना मारली नाही, सुनेला मारली.

"आहे जी मामाजी, मी आहे," मागच्या खोलीतून आवाज आला. मग त्यानं पुढे पाहिलं. दोन लूम ढिगाऱ्याखाली चेपले होते. उरलेल्या दोन्हींच्या मोटारी चिखलात बुडाल्या होत्या. बीमच्या रुळावर ताणलेलं सूत मातीनं लडबडलं होतं. रुख्माबाई पदर तोंडाला लावून रडत होती. नत्थूजीनंच तिची समजूत काढली.

"रडतं काहून वं? पॉलिसी आहे ना. वादळ आहे तिच्यात."

दुसऱ्या दिवशी ताराचंद आला. ढिगारा पाहून त्यानं टोपी काढली, मग गल्लीतली दोन्हीकडची छपरं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"नत्थूजी, सर्व्हेअर साहेब येतील. ते पाहतील का छप्पर वादळानं पडलं, का आधीच सडलं होतं म्हणून पडलं. वादळानं पडलं तर कंपनी भरून देते. दुरुस्ती न केल्यानं पडलं तर छदाम देत नाही. अन् शेजाऱ्यांचं एकाचंही पडलं नाही. मग साहेब एकच विचारतील, यंदा कवेलू फेरले का? तुम्ही हो म्हणा, बस. बाकी मी पाहतो."

"पण फेरले नाहीत ना."

"मले माहीत आहे. म्हणून तर सांगून राहिलो."

आयुष्यात नत्थूजी खोटं बोललाच नव्हता असं नाही. गिऱ्हाइकाला "उद्या देतो" म्हणणारा विणकर कोण सत्यवादी असतो? पण असं ठरवून, साहेबासमोर बसून? मुकुंदला मात्र संशय नव्हता.

"बाबा, हो म्हणा. नाही म्हटलं त उद्यापासून आपण दोघंही दुसऱ्याच्या लूमवर रोजीनं उभे. चार लूमचे मालक झाले होते तुमी, आता नोकर व्हान."

लहानू तर मित्राखातर एका पायावर तयार. "मीच फेरले म्हणतो ना. माह्या शिडीची आण घेतो."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. नत्थूजी तयार झाला. फक्त देवकीच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं रुख्माबाईनं बजावलं. तिला आठवा लागणार होता आणि ती दर रात्री हात पोटावर ठेवून झोपत होती.

सर्व्हेअर देशकर साहेब आले ते सायकलवरून, धोतराला क्लिप लावून. नत्थूजीनं राक्षस येईल असं धरलं होतं. हा तर शाळेतल्या मास्तरासारखा पोक्त माणूस निघाला. त्यांनी मोडलेल्या आढ्याजवळ उकिडवं बसून लाकडात बोट घातलं. बोट आत गेलं. ते अंगणातल्या खाटेवर येऊन बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

मग कागद मांडीवर घेतले.

"नत्थूजी, लाकूड एका जागी कुजलंय. पण एवढ्यानं मी काही ठरवत नाही. छप्पर राखलेलं होतं आणि वादळ जबर होतं, असंही असू शकतं. यंदा कवेलू फेरले का?"

ताराचंद खोकला. लहानू सावरून उभा राहिला. नत्थूजीनं होकाराची मान हलवली.

"हो जी. फेरले ना. उन्हाळ्यातच फेर..."

पेला दगडावर पडल्याचा आवाज झाला. दारात देवकी उभी होती. रुख्माबाई चुलीपाशी चहात गुंतलेली, पाहुण्यानं पाणी मागितलेलं. सून पाणी घेऊन आली होती, दुसरं काय करणार? डोक्यावरचा पदर घसरलेला तिला कळला नाही. दोन्ही हात पोटावर गेले होते.

"कधी, मामाजी?" ती म्हणाली. "मी सावनेरले लग्नाले गेली होती तवा फेरले का? मले काहून नाही सांगतलं?"

ती चौकटीला धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. "छप्पर उघडलं होतं का पुरं? ठोकलं होतं?"

मुकुंद डोळ्यांनी बापाला खुणावत होता: राहू द्या, मागून समजावू तिला. पण मागून म्हणजे कधी? साहेब उठून जाईपर्यंत ती अशीच बसणार होती, त्या पांढऱ्या ओठांनी. आणि साहेबासमोर तिला 'पोरी, हे खोटं आहे' असं सांगणार तरी कसं? नत्थूजीला मागच्या खेपेचे बोल्ट आठवले, घणाचे घाव आठवले. ते घाव त्यानं स्वतःच्या हातानं घातले होते.

"नाही वं माय," तो म्हणाला. "नाही फेरले. एकही कवेलू हलवला नाही. तुह्या पोटच्याची आण."

देवकीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. तिनं पदर सावरला, पेला उचलला आणि पुन्हा पाणी आणायला आत गेली. मुकुंदनं कपाळावर हात मारून घेतला. ताराचंदनं टोपी घातली.

देशकर साहेबांनी पेन उघडलं नाही.

"सून कितव्यात आहे?"

"आठवा लागन आता."

"मी याच गावचा आहे हो, नत्थूजी. आमच्या घरी धाकट्याच्या वेळी आईनं भिंतीला खिळासुद्धा मारू दिला नाही. सगळा पावसाळा आम्ही गळक्या खोलीत बादल्या मांडून काढला."

नत्थूजीच्या डोळ्यांत एकदम आशा आली. "मग तसं लिवा ना साहेब. तुमाले त समजते."

"मला समजतं. कंपनीला कसं समजावू?" साहेब खरंच अवघडले होते. "तुमच्या पॉलिसीत वादळ आहे, पूर आहे, वीज आहे. सून नाही तिच्यात."

देवकीनं पाणी आणलं. साहेब ते घटाघटा प्यायले, "सुखरूप हो, बाई" म्हणाले आणि मग लिहायला घेतलं. नत्थूजी समोर बसून पेनाकडे पाहत राहिला. त्याला हात जोडावेसे वाटले, पण कशासाठी जोडायचे ते सुचेना. माणूस खोटं लिहीत नव्हता.

कंपनीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. दावा नामंजूर. मग बँकेची माणसं आली आणि चारही लूम लोखंडाच्या भावात उचलून घेऊन गेली. गल्लीतल्या लोकांनीच ते ठेल्यावर चढवायला हात लावला. मुकुंद बापाशी बोलेनासा झाला. दोघंही पेठेतल्याच एका कारखान्यात लागले, शेजारशेजारच्या लूमवर. मधल्या खडखडाटात न बोलणं कोणाला दिसत नसे. कापड मोजून घेताना तिथला मालक "ओ पौनीकर" म्हणे. नत्थूजी मान खाली घालून उभा राही.

कार्तिकात देवकीला मुलगी झाली. धडधाकट. पहिल्याच रडण्यात तिनं गल्ली उठवली. रुख्माबाईनं साखर वाटली, आणि सव्वा महिना झाल्यावर स्वतःच लहानूला निरोप धाडला. आता मनाई नव्हती.

लहानू शिडी घेऊन आला. मागच्या उरलेल्या अर्ध्या छपरावर चढला, वरून मोडक्या आढ्याच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं वाकून बघत राहिला.

"नत्थूजी गा," वरून आवाज आला. "इथं एकच कवेलू सरकला होता बाप्पा. माकडानं सरकवला असन. तेवढ्यातूनच मुरलं सारं."

नत्थूजीनं वर पाहिलं नाही. लूम होते त्या रिकाम्या जागेत त्यानं उन्हाला खाट टाकली होती. देवकी लेकीला मांडीवर घेऊन खाली बसली होती. जमिनीतून ते बोल्ट अजून वर आलेले होते, तिनं त्यांच्यावर गोधडी टाकली होती, पोरीला लागू नये म्हणून. कारखाना कसा गेला, ते तिला मुकुंदनं रागाच्या भरात केव्हाच सांगून टाकलं होतं. इतके दिवस ती त्याबद्दल काही बोलली नव्हती.

"मामाजी," ती खाली मान घालून म्हणाली, "तवा तो एक कवेलू बसवला असता... त काही झालं असतं का हो इले?"

नत्थूजीनं नातीकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर चार लूम, मुकुंदचं बोलणं, स्वतःचं मालकपण, सगळं एका कवेलूपायी फुकट गेलं. हो म्हणावं, तर मागचं पोर त्याच्याच घणाखाली गेलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते सुनेला दिसू नयेत म्हणून त्यानं छपराकडे मान वळवली.

"लहानू," त्यानं वर हाक मारली, "हळू ठोक गा. पोरगी झोपली आहे."