पाण्याची दुसरी तपासणी

पोहण्याच्या तलावाचं पुढे काय करायचं हे ठरवायला नगरपालिकेने सभा बोलावली, तेव्हा बाई सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसल्या. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून तलाव त्याच सांभाळत होत्या. पगारी माणूस एकही नव्हता. गावातली माणसं पाळी लावून फुकट राबत आणि मुलं उन्हाळाभर डुंबत.

अधिकारी तरुण होता, पण आडपडदा न ठेवणारा. "बाई आज आहेत, उद्या थकतील," तो म्हणाला. "पुढची जबाबदारी घ्यायला तीन माणसं उभी राहिली, तर तलाव तुमच्याकडे. नाहीतर यंदापासून बंद."

सभागृहात बसायला जागा नव्हती. तिघांचं काय घेऊन बसलात, बाईंना वाटलं, निवड करताना नाकी नऊ येतील. पण कुणी उठेना. कुणी छताकडे बघत होतं, कुणी चष्मा पुसत होतं.

"मूग गिळून काय बसलात सगळे?" बाई मागे वळून म्हणाल्या.

शेवटी सुतार उठला. "बाई, रागावू नका. मी आणि तुमची नणंद मंगळवारची पाळी करायचो. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवून क्लोरीन बघायचं. तुम्हीच शिकवलंत. पण पाळी संपवून आम्ही फाटकाशी पोचतो न पोचतो तोच तुम्ही येऊन परत तपासायचात."

"सवय हो ती. खात्री करून घ्यायची."

"मी बसवलेलं दार माझ्या पाठीमागे कुणी रोज उघडून-लावून बघायला लागलं, तर पुढचं दार मी कशाला बसवू?"

लोक हसले. हसणं जरा जास्तच वेळ चाललं. बाईंच्या लक्षात आलं, हे फक्त सुताराचं दुखणं नव्हतं.

"वहिनी," शेजारी बसलेली नणंद हळूच म्हणाली, "आमचं एकदा तरी चुकलेलं निघालं का गं?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "नाही. एकदाही नाही."

दरवेळी आकडा जुळायचा आणि दरवेळी त्या मनाशी म्हणायच्या, बरं झालं, बघितलं ते. वर्गात एखाद्या मुलीने असा निष्कर्ष काढला असता, तर त्यांनी तिला प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

"तू तर पाळी गुडघ्यांमुळे सोडलीस ना?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय माझ्या?"

"एका घरात राहतो आपण. बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर तेही तू दोनदा तपासलं असतंस."

सुतार अजून उभाच होता. "मी घेतो जबाबदारी. पण बाईंनी पाण्याला हात लावायचा नाही. वाईट वाटलं तरी."

"मग मीही," नणंद म्हणाली. मागून पोस्टात काम करणाऱ्या एकीनेही हात वर केला.

अधिकाऱ्याने बाईंकडे पाहिलं. पंपाचा आवाज बसला की जाळी आधी साफ करायची, पाऊस पडला की औषध जास्त लागतं, असं कितीतरी ओठावर आलं. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि सुताराच्या हातात ठेवली.

"मान्य आहे," त्या म्हणाल्या.

तलाव उघडला त्या दिवशी नणंद ओल्या पायांनी घरी आली ती हसतच. किती आला आकडा, हे बाईंनी जिभेवरच धरून ठेवलं.

"मजा आली?"

"खूप. सुताराच्या बायकोने थर्मास भरून चहा दिला होता. पाळी संपल्यावर फाटकाशी बसून प्यायलो, गप्पा मारत."

"पूर्वी मंगळवारीही द्यायची का ती?"

"द्यायची ना," नणंद पाय पुसत म्हणाली. "तुझाही कप असायचा. तू आत पाणी बघत असायचीस."