विमानाशी शर्यत

आबा माघात गेले. समाचाराला येणारा प्रत्येकजण दोन वाक्यं हळहळून विमानाकडे वळला, म्हणून ती हकीकत एकदा नीट लिहून ठेवते.

तेव्हा मोटारी सुरू झाल्या होत्या आणि आबांच्या छकड्यात कोणी बसेना. चांद्या-पवळ्याची जोडी विकायची वेळ आली होती. अशात बातमी आली की मुंबईची एक कंपनी किहीमच्या पुळणीवर ओहोटीला विमान उतरवून पाहणार. जमलं तर उतारू नेहमी येतील, आणि त्यांना अलिबागेत पोचवायचं काम एकालाच मिळेल. बाळाजीशेठला ते आपल्या मोटारीसाठी हवं होतं, आबांना बैलांसाठी.

आवाजाला बैल बुजू नयेत म्हणून आबांनी आम्हा भावंडांकडून गोठ्यात रोज पत्र्याचे डबे बडवून घेतले. बैल बुजायचे थांबले. आबा एकच गोष्ट विसरले. हीच जोडी दर वर्षी याच पुळणीवर शर्यतीत धावायची, आणि तिथे मागून गलका आला की पुढे सुटायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी आबा छकडा जुंपून पुळणीवर उभे होते आणि विमान नेमकं मागून उतरलं. बैलांनी शेपट्या उभारल्या. पुढे छकड्यात आबा, मागे विमान, त्यामागे अख्खं गाव. विमान थांबलं. बैल पुढल्या गावाच्या हद्दीत थांबले.

आबा परतले तोवर कंपनीचे साहेब बाळाजीशेठच्या मोटारीत बसले होते. काम गेलं होतं. आबा सरळ वैमानिकापुढे जाऊन उभे राहिले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फेटा द्यायचा, ही आमच्या शर्यतीची रीत.

"इनाम न्हाय मागत, साहेब. फेटा द्या."

कंपनीच्या कारकुनाने ते इंग्रजीत सांगितलं. वैमानिक पोटभर हसला आणि त्याने डोक्यावरची चामड्याची टोपी काढून दिली.

विमान पुन्हा आलं नाही. वाळू मऊ निघाली म्हणे. बाळाजीशेठची मोटार मात्र बरेच दिवस ओहोटीला आभाळाकडे बघत उभी असे. इकडे विमानाला हरवणारी जोडी रेवदंड्यापर्यंतच्या नवरदेवांना वरातीसाठी हवीशी झाली. बैल आमच्याच गोठ्यात म्हातारे झाले.

परवा बाळाजीशेठ आले. टोपी खुंटीवरच होती. आबांना जन्मभर ऐकवलं तेच त्यांनी मला ऐकवलं, "पोरी, विमान थांबत व्हतं गं. ती शर्यत नव्हतीच."

यावर आबांचं उत्तर ठरलेलं असे. मला ते देववेना. बाळाजीशेठनी टोपीकडे बघितलं. मग त्यांनीच ते आबांच्या शब्दांत दिलं.

"थांबला तो हरला, बाळा."

आणि चहा मागितला.