शाळेच्या हद्दीतलं घर

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, आपली माणसं घर घेत नाहीत, शाळा घेतात. ज्या हद्दीत घर, तिथलीच शाळा पोराला मिळते. घर शाळेसोबत येतं, नवरीबरोबर करवली येते तसं. कुठल्याही मराठी घरी जा, चहाच्या आधी शाळेचं दहापैकी रेटिंग येतं. "आमची नऊ आहे. तुमची?" आमची सहा होती. सहा म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

आम्ही तिघं अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी सोनल, नागपूरची. नवरा रवी नांदेडचा. मुलगी मीरा पाच वर्षांची, ऑगस्टात किंडरगार्टनला जाणार होती. खिडकीमागे डेटा सेंटर, त्याची घरघर रात्रंदिवस चालू. रवी तिथेच काम करतो, त्याला ती ऐकूही येत नाही. मला मात्र ती घरघर म्हणजे 'सहा, सहा, सहा' अशी ऐकू यायची.

त्या सहावाल्या शाळेत काहीही वाईट नव्हतं, हे आता कबूल करते. तेव्हा केलं नसतं. माझ्या बापाने पोस्टमनची नोकरी करून मला शिकवलं. मला चांगल्या शाळेत घालायला त्याने हेडमास्तरांच्या दारात चपला झिजवल्या, आणि मी इथे येऊन मुलीसाठी सहावर समाधान मानायचं? दीड वर्षात अकरा घरांवर ऑफर दिली. अकराही घरं दुसऱ्यांनी नेली. मी रवीवर चिडायचे, एजंटवर चिडायचे, आणि जे घर घेऊन गेले त्यांना तर मनातल्या मनात शिव्या घालायचे.

मग डॉक्टर ओगले भेटले.

मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत ते रवीच्या पुढे होते. चंद्रशेखर ओगले, चाळीस वर्षं हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड. त्यांचं घर नऊवाल्या शाळेच्या हद्दीत, शाळेची बस अगदी दारासमोर थांबते असं. जिने चढवत नाहीत म्हणून ते आणि त्यांची बायको, उत्तराकाकू, ज्येष्ठांच्या वसाहतीत जाणार होते. त्यांनी रवीला नाव विचारलं. रवी म्हणाला, "रवी पंडित." एवढ्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एजंट नको, बिडिंग नको," ते म्हणाले. "घर आपल्या माणसाच्या हातात जावं, एवढंच आहे माझं. रविवारी मिसेसना घेऊन या."

रविवारी गेलो. घर छानच होतं, त्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. स्वयंपाकघराशेजारी भिंतीत बसवलेलं सागवानी देवघर, मागे अंगणात तुळस. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. खाताना काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नॉनव्हेज करता का हो घरी?"

"करतो कधीतरी," रवी म्हणाला. खरं तर दर रविवारी करतो.

काका मोकळेपणी हसले. "आजकाल आपल्यातले सगळेच खातात. आमचा मुलगासुद्धा. काळाप्रमाणे बदलायला हवं."

'आपल्यातले' ऐकून मी चमचा खाली ठेवला. पंडित म्हणजे कोण, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. पंडितांनी मटण खाल्लं तर ते पुढारलेले. आमच्या लोकांनी खाल्लं तर काय म्हणतात, ते मी होस्टेलवर चार वर्षं ऐकलंय. मी तोंड उघडणार तोच रवीने टेबलाखाली माझा हात दाबला. आणि मी गप्प बसले. मीरा मागच्या अंगणात धावत होती, बसथांबा खिडकीतून दिसत होता, आणि मी, नागपूरच्या पोस्टमनची तोंडाळ पोरगी, गप्प बसून खिचडी संपवली. त्याची लाज मला आजही वाटते.

गाडीत मी रवीवर तुटून पडले. "हात का दाबलास?"

"यार, आपण खोटं काय बोललो? नावच तर सांगितलं. तो माणूस आडनाव वाचून घर देतोय, तर देऊ दे. आजवर आडनाव वाचून लोकांनी काढून घेतलंच ना?"

काकांनी घरी येऊन एकदा चहा घेतला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं, आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. पण विकणारा घेणाऱ्याकडे कशाला येईल? वकिलाने कागद केले, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, जूनच्या अखेरीस ताबा ठरला. मीराला मी सांगूनही टाकलं की तुझी पिवळी बस दारात येणार.

सह्या होऊन दोन आठवडे झाले आणि काकांनी चहाला बोलावलं. काकू पंचांग घेऊन बसल्या होत्या.

"घर सोडण्याआधी सत्यनारायण घालू म्हणतोय," काका म्हणाले. "आमचे गुडघे गेलेत, पाटावर बसवत नाही. तर पूजेला तुम्ही दोघं बसा. जुन्या यजमानांकडून नव्याकडे, कसं? गुरुजींना संकल्पासाठी गोत्र लागेल. काय गोत्र तुमचं?"

रवीचा हात पुन्हा टेबलाखाली आला. या वेळी मी तो उचलून टेबलावर ठेवला.

"आम्हाला गोत्र नाही, काका. आम्ही बौद्ध आहोत."

"अरे वा! म्हणजे मेडिटेशन, विपश्यना वगैरे? आमच्या हॉस्पिटलमधले कितीतरी अमेरिकन—"

"तसले नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. तसले."

काकांनी कप बशीत ठेवला. काकूंनी पंचांग मिटलं, का कुणास ठाऊक, खुणेचं बोटसुद्धा न ठेवता.

"पण पंडित..." काका म्हणाले.

"आमच्या गावाकडे आमच्यातही पंडित आहेत," रवी म्हणाला. "माझे वडील पंडित, आजोबा पंडित. मी काही बदललं नाहीये, काका."

"नाही, नाही. आम्ही तसलं काही मानत नाही," काकू घाईघाईने म्हणाल्या. हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची मागे घेते, कारण पुढचं वाक्य 'पण'ने सुरू होतं. "पण देवघर आहे ना गं, चाळीस वर्षांचं. ह्यांच्या आईच्या हातची पूजा आहे तिथे."

"देवघर घेऊन जा ना काकू. शाळा तर नेता येत नाही तुम्हाला."

काकांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही सांगायला हवं होतं. सही होईपर्यंत गप्प बसलात तुम्ही."

"हो, बसले," मी म्हणाले. "आणि तुम्ही विचारलंत कुठे? आडनाव वाचलंत आणि खूश झालात. या हद्दीतल्या घरांसाठी लोक रांगेत असताना आम्हाला घर दिलंत, ते काय रवी दिसायला गोड आहे म्हणून?"

"सोनल," रवी म्हणाला.

"नाही, बोलू द्या त्यांना," काका म्हणाले. ते उठून खिडकीपाशी गेले, पाठ आमच्याकडे. आवाज आता डॉक्टरचा झाला होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाचा. "हे बघा. मुलाचा फोन आला होता. तो म्हणतो, घर विकू नका, रेंटवर द्या. आपण हे कॅन्सल करू. तुमचं डिपॉझिट उद्याच परत. माझे वकील पेपर्स करतील."

मुलाचा फोन! पाच मिनिटांपूर्वी सत्यनारायण घालणार होते.

"करा कॅन्सल," मी म्हणाले. "फक्त एक करा, काका. कारण लिहून द्या. आत्ता जे मराठीत चाललंय ना, ते इंग्रजीत लिहून द्या वकिलाला."

फ्रीजची मोटर सुरू झाली आणि बंद झाली. चाळीस वर्षं या देशात राहून, तो माणूस इथला कायदा, धर्म किंवा वंश बघून घर नाकारता येत नाही हा, माझ्यापेक्षा चांगला ओळखून होता. गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांना सुरुवातीला कसं वागवलं, याच्या गोष्टी ते मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी सांगतात, आम्ही टाळ्या वाजवतो.

"जूनमध्ये भेटू," शेवटी ते म्हणाले, काचेकडे बघत.

गाडीत रवीने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "मला नको ते घर," तो म्हणाला. "मला तिथे झोप लागणार नाही, सोनल."

"तुला झोप लागावी म्हणून घेत नाहीये. मीराच्या शाळेसाठी घेतेय."

"शाळेसाठी घेतेयस की त्यांच्या नाकावर टिच्चून?"

"दोन्हीसाठी," मी म्हणाले. हे खरं होतं.

जूनच्या अखेरीला ताबा घेण्याआधी घर बघायला गेलो. देवघर भिंतीतून उपटून नेलं होतं. चार मोठी भोकं आणि प्लास्टरचा ढीग तिथेच सोडला होता. तुळस ते नेणारच होते, पण कुंडीतली मातीही जाताना अंगणात उलटी केली होती. बाकी घर लख्ख पुसलेलं. काकूंचा हात फिरला होता तेवढा भाग आणि काकांचा फिरला होता तेवढा, सरळ ओळखू येत होता. रवीने भोकं बुजवली, रंग दिला. त्या जागी आम्ही बाबासाहेबांचा फोटो लावला, मीराने त्याखाली तिचे क्रेयॉन ठेवले. घरात खरंच शांतता होती. डेटा सेंटरची घरघर तिथवर येत नव्हती, आणि पहिले कितीतरी दिवस त्या शांततेत मलाच झोप लागली नाही.

ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाली. किंडरगार्टनच्या मुलांच्या दप्तराला मोठं कार्ड लावतात, नाव आणि बसचा नंबर, म्हणजे पोर हरवत नाही. मी जाड मार्करने लिहिलं: मीरा पंडित. पहिल्या दिवशी थांब्यावर सहा मुलं होती. चार भारतीय, त्यांतली दोन मराठी. समोरच्या घरातला अर्णव त्याच्या आजीचं बोट धरून उभा होता. मी "नमस्कार काकू" म्हणाले. आजींनी मान हलवली आणि नजर माझ्या कपाळापासून चपलांपर्यंत फिरवून आणली. मला वाटलं, असेल, म्हाताऱ्या बायका अशाच बघतात.

तिसऱ्या दिवशी मला मीटिंग होती, म्हणून थांब्यावर रवी गेला. दुपारी मीरा बसमधून उतरली, दप्तर फेकलं आणि स्ट्रॉबेरी खायला बसली.

"स्कूल कशी होती?"

"गुड." मग थोड्या वेळाने, तोंडात स्ट्रॉबेरी ठेवून, "मम्मा, अर्णवच्या आजीने मला एक क्वेश्चन विचारला. सकाळी. पप्पा फोनवर होता."

"काय विचारलं?"

"शी सेड, तुम्ही खरे पंडित आहात का?"

माझ्या हातातला चाकू ओट्यावर राहिला. दीड वर्ष, अकरा ऑफर, चार भोकं, त्या माणसाशी केलेलं भांडण, सगळं करून मी तिला नऊवाल्या शाळेत घातलं होतं. आणि डॉक्टर ओगल्यांनी शेजारी सांगितलेलं आमच्या आधीच बसथांब्यावर पोचलं होतं. बाई पाच वर्षांच्या पोरीला विचारते! माझ्याशी बोलायची हिंमत नाही, पोरीला गाठते! मी दाराकडे निघालेच होते, समोरच्या घरी जाऊन बेल दाबायला, पण आधी विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?"

मीराने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी ती मूर्ख प्रश्नाला टाकते.

"आय सेड येस. इट्स ऑन माय बॅकपॅक."

ती पुन्हा खाण्यात गढली. मी दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि परत काढल्या. मग जमिनीवर पडलेलं दप्तर उचललं. तीन दिवसांत कार्डावरचं नाव थोडं पुसट झालं होतं. मी ड्रॉवरमधून मार्कर काढला आणि प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवलं, इतकं जाड, की समोरच्या घराच्या खिडकीतूनही वाचता यावं.