जादूचा स्पंज म्हणे!

मी एक जुना स्पंज आहे. हसलात ना? हसून घ्या, मित्रांनो. मला बघून चाळीस हजार माणसं हसली आणि टाळ्या वाजवून गेली. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझ्या अंगाची आग होते.

मी कारखान्यात जन्मलो नाही. समुद्राच्या तळाशी खडकाला धरून सुखाने जगत होतो. पाणबुड्याने मला कापून वर आणलं, बडवलं, उन्हात वाळवलं, आणि फिरत फिरत मी स्कॉटलंडमधल्या ब्रेकनहिल नावाच्या कोळशाच्या गावी औषधाच्या दुकानात येऊन पडलो. वाटलं, एखाद्या बाळाच्या अंघोळीला जाऊ. कसचं काय! मला उचललं पर्डीने. हा पर्डी गावच्या फुटबॉल संघाचा तालीममास्तर. त्याने मला एका पत्र्याच्या बादलीत कोंबलं आणि वरून गार पाणी ओतलं. पुढची कितीतरी वर्षं मी त्याच गार पाण्यात काढली. हिवाळ्यात वर बर्फाची साय धरायची, ती पर्डी अंगठ्याने फोडायचा.

माझं काम काय, तर कुणी पडला की पर्डी बादली घेऊन धावणार आणि मला त्याच्या मानेवर पिळणार. पाय मुरगळला, स्पंज. बरगडी दुखावली, स्पंज. डोकं फुटलं, तरी स्पंजच! त्या काळी बदली खेळाडू नव्हता. एक बाहेर गेला की उरलेल्या दहांनी खेळायचं. म्हणून पडलेल्याला उठवायचंच, मग तो मेला का जगला याची चौकशी सामना संपल्यावर. गार पाण्याने दचकून पोरगा उठला की लोक ओरडायचे, "वाहवा! जादूचा स्पंज!" अरे, कसली जादू? मी पाणी धरतो आणि पाणी सोडतो. याखेरीज मला काही येत नाही.

आता वॉटी हॅडोबद्दल सांगतो, कारण माझा सगळा राग त्याच्यापायी आहे. वॉटी खाणीतला पोरगा. कोळसा फोडणं सुटलं ते खेळामुळे. बचावाच्या मधोमध उभा राहायचा आणि आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा. तो चेंडू तुमच्या आताच्या चेंडूसारखा हलका नव्हे हो! जाड चामड्याचा, तोंडाशी वादी आवळलेली. पावसात भिजला की धोंडाच. वॉटीच्या कपाळावर वादीचे वळ उठायचे. पण स्वभावाने असा गोड, की मला मानेवर पिळत असतानाही म्हणायचा, "मिस्टर पर्डी, एखाद्या दिवशी बादलीत गरम चहा भरा की!"

त्याला एकच ध्यास होता. देशाचा निळा शर्ट. आणि चषकाच्या उपांत्य सामन्याला, ग्लासगोच्या मोठ्या मैदानावर, देशाचा संघ निवडणारी मंडळी वर येऊन बसली होती.

पाऊस धो धो. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. थोड्या वेळाने वॉटी चेंडूवर झेपावला आणि समोरच्या गड्याच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. तो आवाज मी बादलीतून ऐकला. वॉटी चिखलात उताणा. समोरच्या संघाचे लोक खिदळत होते, "बायकोला बोलवा रे, बाळाला घरी न्यायला!"

पर्डीने मला पिळलं. एकदा, दोनदा. वॉटीने डोळे उघडले, पण ते डोळे कुठेच बघत नव्हते.

"वॉटी, सांग बघू, आपण कुठल्या बाजूला गोल करायचा?" पर्डीने विचारलं.

वॉटीने हात उचलला आणि आपल्याच गोलाकडे बोट दाखवलं.

आमचा गोलरक्षक तिथून ओरडला, "मिस्टर पर्डी, अहो, तो माझ्याकडे बोट दाखवतोय!"

"तू गप रे!" पर्डी खेकसला. वॉटी पुटपुटला, "मी बाहेर नाही जाणार... निळा शर्ट..." एवढंच पर्डीला पुरलं. त्याने वॉटीला दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं. "तिकडे. जा."

आणि तो गेला. शेवटच्या क्षणी कोपऱ्यातून आलेल्या चेंडूला त्याच फुटक्या डोक्याने त्याने गोलात ढकललं. टोप्या हवेत उडाल्या. पर्डीने मला हातात उंच धरून लोकांना दाखवलं! जीभ असती ना, तर तिथेच त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

सोमवारी सकाळी वॉटी खाणीच्या तोंडाशी, दिवे घेऊन खाली उतरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. "काय वॉटी, वाट चुकलास का?" जुन्या सोबत्यांनी थट्टा केली. तो म्हणाला, "पाळीला आलोय." लोक हसले. मग कुणीतरी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला हाताला धरून घरी पोचवलं. निळा शर्ट दुसऱ्या कुणाच्या अंगात गेला. हंगाम संपला तसं संघानेही वॉटीला नारळ दिला. विचारपूस करायलाही कुणी त्याच्या दारी फिरकलं नाही.

आली ती नेटी, त्याची बायको. डोक्याला रुमाल, हात पिठाचे तसेच. तडक खेळाडूंच्या खोलीत घुसली.

"मिसेस हॅडो, इथे बायकांना—" पर्डी चाचरला.

"चूप! माझ्या नवऱ्याने बोट कुठे दाखवलं होतं, ते अख्ख्या गावाला कळलंय. तुम्हाला दिसलं नाही होय?"

"तोच म्हणाला, खेळतो..."

"तो म्हणाला! ज्याला दिशा कळत नव्हती, त्याचं तुम्ही ऐकलंत?" तिने बादलीत हात घातला आणि मला उचललं. "हा इथे नको. याने आणखी कुणाच्या घरचा माणूस उठवाल."

मी मनात म्हटलं, शाबास गं बाई! पण पुढच्या शनिवारी बादलीत नवा स्पंज होता. पर्डीने तो त्याच दुकानातून आणला.

नेटीच्या घरी चुलीपुढे पत्र्याचा टब होता. तिने मला पाण्यात बुडवलं आणि मी दचकलो. पाणी गरम होतं! वॉटीच्या मानेवरून ती मला हळूहळू फिरवायची. तो डोळे मिटून बसायचा.

शनिवारी दुपारी मात्र कौलांवरून मैदानातली आरोळी यायची. मग वॉटी ताडकन उठायचा आणि भिंतीकडे चालू लागायचा. "नेटी, आपली बाजू कुठली?" ती त्याला खांद्यांना धरून अलगद वळवायची. "इकडे. बस."

"मी गोल केला का गं?"

"केलास. झाला खेळ. बस आता."

मित्रांनो, मला आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नका आणि जादूचा तर मुळीच म्हणू नका. तुमच्यातला कुणी पडला, तर "ऊठ" म्हणायला अख्खं मैदान असतं. तुम्ही त्याला "बस" म्हणा. त्या बादलीत असताना, मी हा शब्द एकदाही ऐकला नाही.