ताजुद्दीनची जाड वायर

"आता नीट ऐक आन् मग सांग," असं म्हणून ताजुद्दीनने रेकॉर्डवर सुई टेकवली.

रहिमतबी तांदूळ निवडत बसली होती. तिने हात थांबवला. ढोलकी वाजली, पेटी वाजली, लावणीवाली बाई गायला लागली.

"काय?" ताजुद्दीनने विचारलं.

"चांगलं हाय की."

"पयल्यापरीस?"

"पयल्यासारखंच हाय."

हे उत्तर ताजुद्दीनला मुळीच आवडलं नाही. रेकॉर्ड प्लेअर जुनाच होता, पण त्याला वीज पोचवणारी वायर नवीकोरी होती. काळी, अंगठ्याएवढी जाड. पुण्याच्या एका दुकानदाराने ती परदेशी म्हणून त्याच्या गळ्यात मारली होती. ही लावली की आवाज कसा उघडतो बघा, असं तो म्हणाला आणि ताजुद्दीनला ते लगेच पटलं. रहिमतबीला भांड्यांसाठी कपाट हवं होतं. ते आता पुढच्या वर्षावर गेलं.

पण त्याला हसू नये. पौडापासून उरवड्यापर्यंतच्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. वायरीत काटकसर करू नका, हे शेतकऱ्यांना सांगून त्याचा घसा बसायचा. बारीक वायरीवर मोटर तापते, पाणी फेकत नाही. जाड वायर टाकली की धार लांब पडते. हे त्याने विहिरीविहिरीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग जे मोटरीला लागू, ते रेकॉर्ड प्लेअरला का नाही? बिचाऱ्या रेकॉर्ड प्लेअरला वीज लागते ती चिमूटभर, आणि तेवढी जुन्या वायरीतूनही मजेत येत होती, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

त्याची तक्रार एकच होती. या रेकॉर्डमधली घुंगरं नाहीशी झाली होती. घुंगरांसाठीच तर त्याने ती रेकॉर्ड हौसेने आणली होती, आणि वर्षभरात घुंगरं विरत विरत गेली.

"करंट पोचत न्हाई म्हून," तो म्हणायचा. आता जाड वायरीवरही ती आली नाहीत, तेव्हा म्हणाला, "येतील. नवी मोटर बी चालूनचालूनच मोकळी होतीया. आठ दिस वाजू दे."

रहिमतबी पुन्हा तांदूळ निवडायला लागली. घुंगरं तिला स्वच्छ ऐकू येत होती. जुन्या वायरीवरही येत होती. अलीकडे मागच्या दारातून हाक मारली तर नवरा वळत नाही, हेही तिच्या लक्षात आलं होतं. पण ज्या माणसाची रोजीरोटी कानावर चालते, त्याला हे सांगायचं कसं? तिला धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उरवड्याचे हैबतराव बोलवायला आले. गहू निसवून ओंब्या बाहेर पडत होत्या, पाणी हवंच होतं, आणि मोटर कुरकुरत होती. ताजुद्दीन गेला. नेहमीसारखं त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरीच्या अंगावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटरीच्या पोटातलं दुखणं तो असंच ओळखायचा. या त्याच्या कसबावर लोकांचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास होता.

"काई झालं न्हाई हिला," तो म्हणाला. "बिनघोर चालवा."

हैबतरावांची बायको धोंडाबाई बांधावर उभी होती. "किरकिरतीय की भाऊ," ती म्हणाली.

"मोटर हाय वैनी, आवाज तर करणारच."

तिसऱ्या दिवशी बेअरिंग अडकली आणि मोटर जळाली. हैबतराव सांगायला आले ते चिडले नव्हते, आणि त्याचंच ताजुद्दीनला जास्त लागलं.

"अवं, पार त्या वढ्यापातूर किरकिर ऐकू येत व्हती," हैबतराव म्हणाले. "पर तुमी न्हाई म्हनला, म्हून चालवली. चुकतं मानसाचं."

ते गेल्यावर ताजुद्दीन ओट्यावरून उठला. मग आत येऊन त्याने रेकॉर्ड लावली.

"घुंगरं वाजत्यात का गं?"

रहिमतबीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"खरं सांग."

"वाजत्यात."

"आन् जुन्या वायरीवर?"

"तवा बी वाजत व्हती. वायरीत काय न्हाई वो."

त्याने मान हलवली. त्याला भीती वाटली. लाज वाटण्याआधी भीतीच वाटली. विहिरीवर जाऊन उभं राहायचं आणि मोटरीने आपल्याशी बोलायचंच नाही, म्हणजे मग आपण तिथे कोण? रहिमतबी जवळ येऊन बसली. "आवाज मोठा करू?" तिने विचारलं, आणि तो नको म्हणाला.

जळालेली मोटर त्याने घरी आणून तांब्याची तार गुंडाळून नव्याने भरली, बेअरिंगा बदलल्या, आणि बैलगाडीत घालून उरवड्याला नेली. बसवून झाल्यावर बटण दाबलं. हैबतराव सवयीने त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

"काय म्हनतीया?"

झाली बरी, म्हणून सुटता आलं असतं. हैबतरावांनी विश्वासही ठेवला असता.

"मला न्हाई कळत, पाटील," ताजुद्दीन म्हणाला. "बारीक आवाज माझ्या कानातनं गेलाय. वैनींना इचारा."

"असं काय बोलता ताजुभाई..."

"खरं तेच बोलतोय. वैनी, जरा हिकडं या."

धोंडाबाई संकोचली. विहिरीवरच्या कामात आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर कानामागे सारला आणि मोटरीशी येऊन वाकली.

"हितं," ती डावीकडे बोट दाखवून म्हणाली. "अजून किरकिरतंय वाईच."

हैबतराव ओशाळले. "आगं, नवी बेअरिंग हाय ती."

"असू दे. त्या म्हनत्यात तर हाय," ताजुद्दीन म्हणाला. त्याने मोटर बंद केली, खाली मांडी घातली आणि स्वतःच आवळलेले डाव्या बाजूचे बोल्ट सोडले. बेअरिंग काढली, पुसून पुन्हा सरळ बसवली, बोल्ट आवळले. बटण दाबलं.

"आता?"

"हाय थोडं."

त्याने पुन्हा मोटर बंद केली आणि पुन्हा बोल्ट सोडायला घेतले.