एरंडेल लावलेले वाटाणे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे उधन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या शुक्रवारी मी आईवर ओरडले तशी आजवर कुणावर ओरडले नव्हते.

सोमवारी पुण्याहून परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर प्रयोग जुळला तर प्रबंध पुढे जाणार, नाही तर तीन वर्षांचं काम पाण्यात.

प्रयोग सांगायला सोपा आहे. एकात एक बसवलेली दोन पिंपं, मधल्या फटीत सुके पांढरे वाटाणे. आतलं पिंप फिरतं तसे वाटाणे एकमेकांना घासत सरकतात, आणि त्यातले लाल रंगवलेले दाणे किती भटकले ते कॅमेरा टिपतो. दाणे आपले आपण हलत नाहीत, शेजाऱ्याने ढकललं तरच जागा सोडतात. माझं म्हणणं इतकंच की पिंप हळू फिरवा की जोरात, दाणा किती भटकेल हे फेऱ्यांवर ठरतं, वेगावर नाही.

दोन महिने आकडे जुळत होते. मग एकदम बिनसलं. हळू फिरवताना एक आकडा, जोरात फिरवताना भलताच. मी मोटर उघडली, कॅमेरा बदलला, माझे मार्गदर्शक प्रवीण सर यांच्याशी भांडूनही झालं. तिसऱ्या दिवशी घाम पुसताना हाताला एरंडेलाचा वास आला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधीच्या रविवारी ओल धरलेले वाटाणे मी घरी आणून गच्चीवर वाळत घातले होते. आईने, म्हणजे पुष्पाबाईंनी, साठवणीच्या डाळीला लावते तसं त्यांना तेल चोळून ठेवलं होतं. चिकट तेल मध्ये आलं की वेगाने फरक पडणारच!

"किडा लागी जातीन म्हनीसन चोपडं व माय," ती म्हणाली. "माले काय मालूम?"

"मग विचारायचं ना! वाटोळं केलंस माझं!"

शनिवारी सकाळी मी नवं पोतं आणलं. प्रयोगाला एकसारखे गोल दाणेच लागतात, पण चाळणीने चपटे आणि फुटके दाणे वेगळे होईनात, आणि मी रडकुंडीला आले. आईने न विचारता सूप ओढलं. मनगटाच्या एका लयीत ती घोळत राहिली तसे गोल दाणे गडगडत एका कडेला आले आणि चपटे मागे राहिले. पांडेसऱ्याच्या मिलमधून पाळी संपवून बाबा आले, तेही ताट घेऊन निवडायला बसले. रविवारी संध्याकाळी पंधरा किलो वाटाणे तयार होते. आईची बोटं सुजली होती. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही, इतकी मी शहाणी.

सोमवारी ती पोतं धरून माझ्याबरोबर आलीच. मला लाज वाटली, म्हणून तिला प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसवलं.

पिंप आधी हळू फिरलं, मग जोरात. दोन्ही आकडे जुळले. परीक्षकांनी माझी नोंदवही चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे तीन दिवस वेगळे का?"

मी तोंड उघडण्याआधी दारात आई उभी. हात जोडलेले.

"साहेब, तेल मी चोपडं. पोरनी काही चूक नही. तिले नापास नका करू."

तेव्हा मला कळलं, ती पोतं पोचवायला आलीच नव्हती. हे एवढं सांगायला आली होती आणि तासभर दाराशी कान देऊन बसली होती. जिला मी घालून पाडून बोलले, ती सगळा दोष स्वतःवर घ्यायला परक्या माणसांत एकटी शिरली होती.

परीक्षक हसले. म्हणाले, "तेलाचे आकडेही प्रबंधात ठेवा. कोरड्या दाण्यांना वेगाने फरक पडत नाही, हे त्या तुलनेमुळेच पटतं. आणि हे दाणे इतके एकसारखे कुणी निवडले?"

मी आईचा सुजलेला हात धरून तिला आत आणलं.

"हिने," मी म्हटलं. "ही माझी आई."